मय्यत उठल्यानंतर

वर्गात केलेल्या माझ्या चुकांची यादी करायला बसले, तर सगळ्यात वर एक निबंध येईल. सातवीचा वर्ग, शाळा उर्दू माध्यमाची, तास मराठीचा. फळ्यावर मी विषय लिहिला, 'माझे वडील'. मुलं मान खाली घालून लिहायला लागली. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा पेन धरून नुसता बसला होता. चार दिवस गैरहजर राहून त्याच दिवशी तो शाळेत आला होता. मी जवळ गेले आणि सवयीने विचारलं, "चार दिवस कुठं होतास? आणि आता लिहीत का नाहीस?" शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "टीचर, याच्या अब्बांचा इंतकाल झालाय."

पोरगा रडला नाही. मी काही बोलायच्या आत त्याने लिहायला सुरुवात केली. "माझे वडील ट्रक चालवतात." पुढे पाच-सहा ओळी होत्या, सगळ्या वर्तमानकाळात. ती वही मी तपासू शकले नाही. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता. त्यात पियाजे होता, कोहलबर्ग होता. ज्याचा बाप तीन दिवसांपूर्वी दफन झाला त्या मुलाशी काय बोलायचं, हे मात्र त्यात कुठंच नव्हतं. हजेरीपटात त्या चार दिवसांपुढे मी 'गै' लिहिलं होतं. ते बदलायला हजेरीपटात दुसरं अक्षरच नाही.

आज लिहायचंय ते या 'नंतर'बद्दल. मय्यत उठते, माणसं मिट्टी देऊन परततात, आणि मग त्या घराचं काय होतं?

आधी आपल्या समाजाचं जे चांगलं आहे ते कबूल करते. पहिल्या दिवसात आपल्याइतकी सोय क्वचितच कुणाकडे असेल. मशिदीतून एलान होतो आणि तासाभरात कफन येतं, कब्र खोदायला माणसं जातात, गुस्ल देणाऱ्या बायका किंवा पुरुष हजर होतात. खांदा द्यायला अनोळखी माणूसही रस्त्यावरून पुढे येतो. घरच्यांना काहीच करावं लागत नाही. चूल पेटत नाही, कारण शेजारून डबे येतात. हा रिवाज हवेतून आलेला नाही. हजरत जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरी जेवण करून पाठवा, ते लोक आज दुःखात आहेत, असं पैगंबरांनी (स.) सांगितल्याची हदीस आहे. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे हेच 'कडू घास' म्हणून होतं. दुःखाच्या घराला जेवू घालायचं, ही अक्कल या मातीतल्या सगळ्यांना आहे.

पण ही व्यवस्था पहिल्या तीन दिवसांची आहे. जियारत झाली की माणसं पांगतात. त्यानंतर गर्दी होते ती थेट चाळिसाव्याला, आणि तिथं सगळं उलटं होतं. ज्या घराला जेवू घालायचं, तेच घर दोन-अडीचशे माणसांना जेवू घालतं. कर्ज काढून, कधी बाईच्या अंगावरचं सोनं मोडून. मी चाळिसाव्याच्या दुआविरुद्ध नाही. तिथल्या देगविरुद्ध आहे. यावर वर्षानुवर्षं आलिम बोलत आलेत, समाजसुधारक बोलत आलेत, आणि बिर्याणी वाढणं चालूच आहे. असो. या मुद्द्यावर मी जास्त थांबत नाही, कारण लोकांना तो माहीत आहे. न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे कागद.

माझे दुल्हेभाई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. यंत्रमागावर काम करायचे. एका खासगी दवाखान्यात चार दिवस होते, पाचव्या पहाटे गेले. बिलाचे पैसे जमेपर्यंत दुपार झाली आणि तोवर मय्यत मिळाली नाही. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट आहे आणि केंद्राच्या आरोग्य खात्याने ती सनद २०१९मध्ये राज्यांकडे पाठवली होती. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीलाही बहुधा नसेल. आपल्याकडे दफनाची घाई असते, असरच्या आत व्हावं, मगरिबच्या आत व्हावं. त्या घाईत कुणी भांडत बसत नाही, अंगठी गहाण टाकतं आणि मय्यत घेऊन निघतं.

मग मृत्यूचा दाखला. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर शुल्क नाही, वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद दवाखाना कळवतो, तेवढं बरं. घरी मृत्यू झाला तर कब्रस्तानची चिठ्ठी घेऊन कुणीतरी जायचं असतं, आणि 'कुणीतरी' म्हणजे कुणीच नाही, असं खूपदा होतं. २०२३च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायचं आहे. ते मागून घ्या. विम्याला लागतं.

दाखला मिळाला आणि खरी अडचण समोर आली. दुल्हेभाईंच्या नावात सुरुवातीला जो शब्द आहे, तो दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'महंमद', रेशन कार्डावर नुसता 'मो.' आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंग आणखी चौथंच. आडनाव एका ठिकाणी आधी, एका ठिकाणी शेवटी. मी दोन्ही भाषा शिकवते. उर्दूत तो शब्द एकाच पद्धतीने लिहिला जातो, चार अक्षरं, त्यात वाद नाही. मराठीत आणताना प्रत्येक कारकून आपल्या कानाने लिहितो. जिवंतपणी हे चालून जातं. माणूस गेला की चार कागदांवर चार माणसं होतात, आणि ही चारही एकच होती हे त्याच्या बायकोला प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावं लागतं. तुमच्या घरात आज सगळे सुखरूप असतील तर हे वाचून झाल्यावर सगळ्यांचे कागद एकत्र काढून नावं जुळवून बघा. अशुभ वगैरे काही नाही त्यात.

पासबुक चाळताना मे महिन्यात एक नोंद दिसली, ४३६ रुपये वजा. आपाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बँकेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने सांगितलं, ही पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना आहे, दोन लाख मिळतील. खातं उघडताना कुणीतरी सही घेतली असणार. म्हणजे नोंद दिसली नसती तर दोन लाख रुपये तसेच राहिले असते. अशी किती पासबुकं कपाटात, जुन्या शेरवानीच्या खिशात पडून असतील?

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदा २०,००० रुपये मिळतात. ही रक्कम २०१२ची आहे. तेव्हा सोनं किती होतं आणि आज किती आहे, हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १,५०० रुपये. पण त्याची उत्पन्नमर्यादा वर्षानुवर्षं वर्षाला २१,००० राहिली, म्हणजे महिन्याला १,७५०. चार घरची भांडी घासणारी किंवा बिडी वळणारी बाईसुद्धा खरं उत्पन्न सांगून यात बसणार नाही. खोटं सांगावं लागतं, किंवा खोटं सांगायला शिकवणारा एजंट गाठावा लागतो. बाप गेलेल्या मुलासाठी बाल संगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये, तिला आता सावित्रीबाईंचं नाव दिलंय. मी शिक्षिका आहे, वर्गात दर वर्षी दोन-तीन मुलं तरी यतीम असतात, आणि ही योजना मला कळली ती आपाच्या कामासाठी फिरताना. शाळेत यावर एकही परिपत्रक मी पाहिलेलं नव्हतं.

आता इद्दतकडे येते. या ब्लॉगच्या बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडक्यात सांगते: नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस थांबायचं, दुसरा निकाह नाही, साजशृंगार नाही, राहायचं आपल्याच घरी. कुरआनमध्ये सूरह बकराच्या २३४व्या आयतीत ही मुदत आहे. गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. इद्दतचा मला राग नाही. उलट मला वाटतं, दुःखाला एक ठरलेली मुदत देणं, त्या काळात बाईवर कामाचा, लग्नाचा, पाहुण्यांचा ताण येऊ न देणं यात फार मोठी समज आहे. आजकाल शोकाला रजा मिळावी म्हणून जगभर मागण्या होतात. आपल्या शरीअतने विधवेला चार महिन्यांहून जास्त दिलेत.

पण आपण त्याचं काय केलंय? आपाला पहिल्याच आठवड्यात सासरच्या बायकांनी सांगितलं, उंबऱ्याबाहेर पाय नाही, फोनवर परक्या पुरुषाशी बोलणं नाही, आरसा झाकून ठेव. आता कागदांची गंमत बघा. बँक म्हणते नॉमिनीने स्वतः यावं. सेतू केंद्रात अंगठा तिचाच लागतो. तहसील कार्यालयात अर्जदार समक्ष हवी. आणि घर म्हणतं बाहेर नाही. चार महिने दहा दिवस घरात एक पैसा आला नाही. मोठ्या पोराने बारावी अर्धवट सोडून मोबाईलच्या दुकानात काम धरलं. तो परत शिकायला गेलेला नाही. या सगळ्यात माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच.

फिकह एवढं कडक नाही. मी आलिमा नाही, पण विचारून, वाचून सांगते. मराठवाडा-सोलापूरकडे आपण बहुतेक हनफी. हनफी फिकहमध्ये विधवेला गरजेसाठी, रोजीरोटीसाठी दिवसा बाहेर जाता येतं, रात्री आपल्या घरी असावं. कोकणातल्या शाफई भावंडांकडेही गरजेची सवलत आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर यांच्या मावशीचा किस्सा आहे. त्या तलाकच्या इद्दतमध्ये होत्या, आपल्या खजुरीची तोडणी करायला बाहेर पडल्या, कुणीतरी हटकलं. त्या पैगंबरांकडे (स.) गेल्या. त्यांनी जा म्हणून सांगितलं. खजुरीसाठी जाता येत असेल तर विम्याच्या अर्जासाठी का नाही? हे जुम्याच्या खुत्ब्यात वर्षातून एकदा जरी सांगितलं गेलं, तरी कितीतरी घरांची सुटका होईल. इमामसाहेबांनी सांगितलं तर सासू ऐकते. माझ्यासारखीने सांगितलं तर म्हणतात, मास्तरीण शिकलेली आहे, तिचं काय ऐकायचं.

दुसरी बाजू सरकारची. सगळा दोष सासवांवर टाकून ऑफिसांना मोकळं सोडायचं नाही. विधवेने, मग ती कुठल्याही धर्माची असो, नवरा गेल्यावर दहाव्या दिवशी रांगेत उभं राहावं अशी अपेक्षाच कशाला? पोस्टमन आज घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो, पोस्टाच्या पेमेंट बँकेची ती सोय २०१८पासून आहे. पेन्शनरांचे हयातीचे दाखले घरी येऊन होतात. म्हणजे मशीन आहे, माणूस आहे. मग विधवेचा अर्ज घरी येऊन का घेतला जाऊ नये? शक्यतो बाई कर्मचारी पाठवा. आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, त्यांना घर माहीत असतं. त्यांच्यावर आधीच शंभर कामं आहेत, त्यामुळे हे फुकट करायला सांगू नका, दर घरामागे मानधन द्या.

आणि मुळात अर्ज तरी कशाला? मृत्यूची नोंद झाली की आधारचं प्राधिकरण मृताचा क्रमांक बंद करण्यासाठी आता ती माहिती मागवून घेतं. नाव काढायला माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, पण मदत द्यायला जात नाही. ब्रिटनमध्ये 'टेल अस वन्स' नावाची सोय आहे. मृत्यू एकदा नोंदवला की पेन्शन, कर, पासपोर्ट वगैरे खात्यांना तिथूनच कळवलं जातं. आपल्याकडे निदान एवढं व्हावं की मृत्यूच्या दाखल्यासोबत एक कागद मिळावा. मराठीत, आणि जिथं गरज तिथं उर्दूत. कुठल्या योजना, कुठलं ऑफिस, कुठले कागद, किती दिवसांत. याला कायदा बदलावा लागत नाही. महापालिकेच्या एका ठरावात होईल. आणि तोवर आपली जमात काय करू शकते? कब्रस्तान कमिटीकडे कफनाचा साठा असतो, तसाच हा कागद छापून ठेवता येईल. मिट्टीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दोन शिकलेली माणसं त्या घरी पुरसा द्यायला जातील आणि जाताना विचारतील, पासबुक कुठं आहे? हीसुद्धा सवाबाचीच गोष्ट आहे.

कागदांबद्दल इतकं लिहिलं, कारण ते दिसतात. मनाचं दिसत नाही.

आपाला झोप लागेना. सगळे म्हणायचे सब्र कर. सब्र म्हणजे रडू नको, असा अर्थ कधी आणि कुणी लावला माहीत नाही. पैगंबर (स.) आपला लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा रडले होते, आणि ते अश्रू रहमत आहेत असं त्यांनी सांगितलं. बीबी खदीजा आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी गेले त्या वर्षाला आपला इतिहासच 'आमुल हुज्न', दुःखाचं वर्ष म्हणतो. छाती पिटून आक्रोश मना आहे, डोळ्यांतून पाणी येणं मना नाही. आपाला आधी तावीज आणला, मग गल्लीतल्या डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. आठव्या महिन्यातही ती रोज दोन ताटं वाढायची. आता मनोविकाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिने उलटूनही दुःखाने रोजचं जगणं अडत असेल तर ती उपचाराची बाब धरतात. सगळ्यांना उपचार लागत नाहीत, बहुतेकांना सोबत पुरते. पण ज्याला लागतात त्याने कुठं जायचं? १४४१६ हा टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो आम्हाला कुणीच सांगितला नाही, दवाखान्याने नाही, नोंदणी कार्यालयाने नाही. आपा शेवटी फोनवर बोलली ती माझ्या घरी, दार लावून. दोन ताटं वाढणं लगेच थांबलं नाही, पण ती बोलायला लागली.

केरळने २००८मध्ये परिहार-सेवेचं म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं राज्य धोरण केलं. तिथं मलप्पुरममध्ये गल्लीतले स्वयंसेवक आजाऱ्याच्या घरी जातात, आणि आजारी गेल्यावरही त्या घरी जात राहतात. मलप्पुरम मुस्लिमबहुल आहे, म्हणजे 'आपल्या लोकांत हे चालणार नाही' असं म्हणायची सोय नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार देतंय. पण राज्यातल्या तालुक्याच्या गावी माणूस गेला की दवाखान्याचा संबंध बिलापाशी संपतो.

रजेबद्दल दोन वाक्यं. जवळचं माणूस गेलं तर पगारी रजा मिळावी असा सगळ्या नोकरदारांसाठीचा कायदा आपल्या देशात नाही. केंद्र सरकारने २०२२मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर ६० दिवसांची विशेष रजा दिली, चांगलं केलं. यंत्रमागावरच्या बाईला ती लागू नाही. अशा बाळांचं आपल्याकडे काय होतं, हेही कधीतरी कुणी लिहायला हवं. बाप टॉवेलात गुंडाळून घेऊन जातो, आणि आईला कब्र कुठल्या कोपऱ्यात आहे हे बहुतेकदा कुणी दाखवत नाही.

शाळेचं माझ्या हातात आहे, म्हणून तिथं मी काही गोष्टी बदलल्या. कुठल्या मुलाच्या घरी मृत्यू झाला की तो परत यायच्या आत मी वर्गाशी बोलते, काय विचारायचं नाही ते सांगते. स्वतः घरी जाऊन येते. तो आला की त्याला कामाला लावते, फळा पुसायला, वह्या वाटायला, कारण मुलांना नेहमीसारखं काहीतरी हवं असतं. 'माझे वडील' हा निबंध मी बंद केला, 'माझ्या घरातलं एक माणूस' असा देते. तरी हे एका मास्तरणीचं शहाणपण झालं, उद्या माझी बदली झाली की संपेल. शिक्षकांच्या प्रशिक्षणांत दर वर्षी नवं अ‍ॅप शिकवतात. त्यात एक तास यासाठी काढावा, एवढीच मागणी मी गेल्या प्रशिक्षणात लेखी दिली. पोच मिळाली आहे.

तो मुलगा आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात शाळेतला एक अर्ज भरून घेऊन माझ्याकडे आला. खाली 'वडिलांची सही' असं छापलेलं होतं. म्हणाला, "टीचर, इथं काय लिहू?" मी 'वडिलांची' खोडून 'आईची' लिहिलं आणि त्याला सही घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून अर्ज परत आला. खाडाखोड चालत नाही म्हणे, नवीन फॉर्म भरा. नवीन फॉर्मवरही 'वडिलांची सही' असंच छापलेलं आहे. मी त्याच्या खाली पुन्हा 'आईची' लिहून पाठवलाय, आणि यावेळी बाजूला माझी सही केली आहे.